चुकीच्या खुर्चीत

आमच्या थोरल्या जाऊबाईंना बसता येत नाही. गुडघे बिघडलेत म्हणून नव्हे, स्वभावच तसा. चहा उभ्यानं, जेवण ओट्याला टेकून, फोन आला की घरभर फेऱ्या. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा सासूबाईंनी आठवडाभर नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, हिच्या माहेरच्यांनी हिला पायाला भिंगरी बांधूनच पाठवलीय. तेव्हापासून घरात त्यांचं नाव भिंगरी. मी नंतर आले, धाकटी जाऊ. तोंडावर ताई म्हणते, रागावले की भिंगरी. अलीकडे भिंगरीच जास्त म्हणते. आणि अशा बाईचं आयुष्य लोकांना खुर्च्यांवर बसवण्यात गेलं, आता बोला.

त्यांची नोकरी कोर्टात होती, पुकारा करायची. दाराबाहेर उभं राहायचं, ज्याचा खटला निघाला त्याचं नाव खणखणीत आवाजात घ्यायचं, तो धडपडत आत गेला की पुढचं नाव. दिवसभर उभं राहायचं काम, म्हणजे त्यांच्यासाठीच बेतलेलं. घरी त्यांनी जेवायला हाक मारली तर शेजारची माणसं हात धुवायला उठायची. पण त्या कामात एक गोष्ट त्यांना टोचत राहिली. ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याचा हात मोडला, तो माणूस तारखेमागून तारीख बाकावर बसून काढायचा. शेवटी आत बोलावलं की दोन प्रश्न. ही सही तुमचीच का, हो, या आता. बाहेर येऊन तो भिंगरीकडेच बघायचा, कारण दाराशी दुसरं कोणी नसायचं. माझं काय झालं ते कोणी विचारलंच नाही हो, असं त्यातले कितीतरी जण म्हणायचे. भिंगरी त्याला पाणी द्यायच्या आणि पुढचं नाव पुकारायच्या. संध्याकाळी घरी येऊन मात्र भांडी आदळायच्या.

मग कोर्टानं एक नवी पद्धत सुरू केली. गुन्हा कबूल असेल आणि दोन्ही बाजूंची तयारी असेल, तर शिक्षा सुनावण्याआधी दोघांना समोरासमोर बसवायचं. काय झालं, कुणाचं काय मोडलं, ते आता कसं भरून काढायचं, हे त्यांनीच बोलायचं. मधे एक माणूस, तो न्यायाधीश नव्हे, वकील नव्हे, नुसता बैठक सांभाळणारा. जे ठरेल ते न्यायाधीशांकडे जातं आणि शिक्षा देताना ते विचारात घेतात. हे काम शिकायला भिंगरींनी सगळ्यांच्या आधी नाव दिलं, आणि निवृत्त झाल्यावर तर तेवढंच धरून बसल्या. बसल्या कसल्या, धावत राहिल्या. मोडके पंखे टाकायची एक खोली त्यांना मिळाली. त्यांनी तिथलं टेबल आधी बाहेर काढलं. टेबल असलं की माणूस त्याच्यामागे लपतो, असं त्यांचं म्हणणं. नुसत्या खुर्च्या, गोल मांडलेल्या. आणि एक नियम, तो मात्र काळ्या दगडावरची रेघ. ज्याच्यावर बेतलं, त्यानं आधी आत यायचं आणि आपली खुर्ची निवडायची. बाकीच्यांनी उरलेल्यांत बसायचं.

मला हे कधी पटलं नाही आणि मी ते कधी लपवलंही नाही. माझा शिलाईचा धंदा. उसवलेलं शिवता येतं, कापलेलं नाही, एवढं मला कळतं. चोराला खुर्ची देताय, आता चहा पण विचारा, असं मी म्हणायचे. त्या म्हणायच्या, विचारतोच की. आणि खरंच विचारायच्या. त्या खोलीतून बाहेर पडताना माणसं जरा हलकी झालेली असत, हे मी स्वतः पाहिलंय, तेवढं नाकारत नाही. पुढे त्या नव्या लोकांना शिकवायलाही लागल्या. माफी कशी मागायची, यावर त्यांचा मोठा तास असे. केलंस ते नाव घेऊन सांग. कारण पुढे करू नकोस. समोरच्याचं काय गेलं ते तुझ्या तोंडून येऊ दे. ओट्याशी उभ्या राहून त्या हे इतक्यांदा घोकायच्या की मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी म्हणून दाखवलं असतं.

गेल्या वर्षी सासूबाईंना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डोकं मात्र शाबूत राहिलं. हो असेल तर त्या डोळे मिटायच्या. नाही असेल तर डाव्या हातातला चमचा पलंगाच्या दांडीवर आपटायच्या. त्यांचं नाही रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. त्यांच्याजवळ थांबायला आम्ही दोघींनी दिवस वाटून घेतले होते.

त्या दुपारी पाळी भिंगरींची होती. मी गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला गेले होते, पुरुष माणसं कामावर. खुर्च्यांच्या खोलीतून निरोप आला, बैठक फिसकटतेय, दोन्ही बाजू उठून चालल्यात, लवकर या. सासूबाईंचा डोळा लागला होता. भिंगरींनी दार ओढून घेतलं आणि पळाल्या. परत आल्या तेव्हा मागचं दार सताड उघडं, सासूबाईंच्या खोलीतलं कपाट उघडं, बांगड्यांची डबी गायब. चादर जमिनीवर पडलेली. आणि सासूबाई डोळे टक्क उघडे ठेवून छताकडे बघत होत्या.

चोर चार-पाच दिवसांतच सापडला. काही बांगड्या विकून झाल्या होत्या, उरलेल्या विकायला गेला तिथेच धरला. निघाला कोण, तर आमचं घर रंगवणारा रंगारी. विशी ओलांडलेला, आईचा एकुलता एक. सासूबाई आजारी पडायच्या आधी तो महिनाभर आमच्याकडे शिडी घेऊन वावरला होता. मागच्या दाराची कडी बाहेरून सळई घालून निघते हे त्यालाच ठाऊक, कारण रंग देताना ती काढून परत त्यानंच बसवली होती. सासूबाई तेव्हा धडधाकट. खुर्ची टाकून बसायच्या आणि काठीनं दाखवायच्या, इथं राहिलं, तिथं राहिलं. आजी, तुम्हीच आमचे मुकादम व्हा, असं तो हसत म्हणायचा. पोलिसांपुढे त्यानं सगळं कबूल केलं. खोलीत म्हातारी झोपलेली होती, असंही सांगितलं. कागदावर तसंच आलं.

पण त्या दिवसापासून सासूबाई अंगावर चादर टिकू देईनात. कमरेच्या वर आणली की चमचा आपटायच्या, हातानं भिरकावायच्या, घशातून असा आवाज काढायच्या की मला मशीन सोडून पळावं लागायचं. थंडीत छाती भरली, खोकला लागला, डॉक्टर येऊन गेले. या आजारात असं होतं म्हणाले. मी म्हटलं, हट्ट, दुसरं काय. रोज संध्याकाळी आमची चादरीवरून झटापट. भिंगरींचा मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. आई, त्या दिवशी काय झालं, त्यानं तुम्हाला काही केलं का, असं त्या उठता-बसता विचारायच्या. बाकी कशालाही हो नाहीतर नाही म्हणणाऱ्या सासूबाई त्या दिवसाचं विचारलं की डोळेही मिटायच्या नाहीत आणि चमचाही उचलायच्या नाहीत. तोंड भिंतीकडे करायच्या.

जगाची भांडणं मिटवायला गेलात आणि घर उघडं टाकलंत, लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं मी एकदा त्यांना म्हटलं. त्या घासलेली भांडी परत घासायला लागल्या.

मग रंगाऱ्याच्या वकिलाचा निरोप आला, त्याला बैठक हवीय. बैठक नीट झाली तर तुरुंग टळेल, नाही झाली तर नक्की, हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्या घरातल्या पुरुषांनी साफ नको म्हटलं. मी म्हटलं, सडू दे. भिंगरी गच्चीवर चकरा मारत राहिल्या, वरून पायांचा आवाज येत राहिला. काही दिवसांनी खाली येऊन मला म्हणाल्या, "मला त्याला माफ करायचं नाहीये. मला विचारायचंय. त्या खोलीत तो होता आणि आई होत्या. आई सांगत नाहीत."

बैठक सांभाळायला मास्तर होते. निवृत्त शाळामास्तर, सावकाश बोलणारे, भिंगरींनीच तयार केलेले. सोबत घरचं एक माणूस नेता येतं. त्यांनी नवऱ्याला न नेता मला नेलं. हे रडतील, तू भांडशील, म्हणाल्या, आणि मला रडणारं नकोय. भिंगरी नियमाप्रमाणे आधी आत गेल्या. एका खुर्चीवर टेकल्या, उठल्या, दुसरीकडे गेल्या, परत पहिलीकडे आल्या. इतकी वर्षं लोकांना त्या खुर्च्या दाखवल्या, पण या बाजूनं कधी आत आल्या नव्हत्या. मास्तर घसा खाकरायला लागले तेव्हा कुठे बसल्या. मग रंगारी आला, मागे त्याची आई. जामिनावर सुटला होता, पण पार वाळला होता. नखांच्या कडांना कुणाच्यातरी भिंतीचा निळा रंग.

मास्तरांनी त्याला सुरुवात करायला सांगितली. त्यानं हात गुडघ्यांवर ठेवले आणि शाळेत पाठ म्हणावा तसा म्हणाला, मी तुमच्या घरात शिरलो आणि बांगड्या चोरल्या, मी त्याला कुठलंही कारण देत नाही, माझ्यामुळे तुमचा स्वतःच्या घरावरचा भरवसा गेला. कुठेही अडखळला नाही. त्याच्या आईनं डोळ्याला पदर लावला. मास्तरांनी मान हलवली. मलासुद्धा क्षणभर वाटलं, पोरगं नीट बोललं.

भिंगरी उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक.

"हे वाक्य माझं आहे," त्या म्हणाल्या. "घरावरचा भरवसा गेला. मी मास्तरांना दिलं, मास्तरांनी तुला दिलं. इतक्या लोकांना मी हे ऐकवलं, आणि ते मान हलवून घरी गेले. तुझं काय आहे यात?"

ताई, बसा, असं मास्तर म्हणाले. त्या बसल्या नाहीत. खुर्च्यांच्या मागून फिरायला लागल्या. रंगाऱ्याची मान त्यांच्यासोबत फिरत होती. कागदावरचं राहू दे, त्या म्हणाल्या, दारातून आत आलास, पुढचं सांग. तो म्हणाला, आजी झोपल्या होत्या. त्या त्याच्यामागे येऊन थांबल्या आणि त्याचेच शब्द उलटून विचारले. झोपल्या होत्या?

त्यानं दाराकडे पाहिलं, बाहेर वकील होता. मग आईकडे पाहिलं.

"नव्हत्या," तो म्हणाला. "तुम्हाला जाताना पाहिलं, मला वाटलं घर रिकामं आहे. आजींचं असं झालंय ते मला माहीत नव्हतं. डबी घेतली आणि मागे वळलो तर त्या बघत होत्या. ओरडल्या नाहीत, काही नाही. नुसत्या बघत होत्या. मला ओळखलं त्यांनी."

"मग?"

"मग मी त्यांच्या तोंडावरून चादर ओढली."

त्याच्या आईनं त्याचं मनगट धरलं, गप्प बस म्हणून की धीर धर म्हणून, कळलं नाही. मी भांडायला आले होते. आता डोळ्यांपुढे नुसता पलंग दिसत होता. एक हात चालणारी बाई, तोंडावर जाड चादर, आणि घरात कोणी नाही. ती चादर त्यांनी कशी काढली असेल, किती वेळ लागला असेल, श्वास कसा घेतला असेल. आणि मी रोज संध्याकाळी तीच चादर दोन्ही हातांनी त्यांच्या गळ्यापर्यंत ओढत होते, प्रेमानं. मला त्या पोराचा गळा धरावासा वाटला, हे मी आजही लपवणार नाही.

जाताना काढायला हवी होती, तो सांगत होता. त्या हलत नाहीत हे कळलं होतं. पण काढली असती तर परत बघितलं असतं त्यांनी. हात धजावला नाही.

हे कागदावर कुठेच नव्हतं. हे न सांगता तो बैठकीतून सहीसलामत उठला असता, आणि सांगितल्यानं त्याचं आणखी वाईट होऊ शकत होतं. हे मास्तरांना कळत होतं, त्यालाही कळत असावं. भिंगरी मात्र आपल्या रिकाम्या खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी त्यांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"मास्तर, मी चुकीच्या खुर्चीत बसले," त्या म्हणाल्या. "ही आईंची खुर्ची. त्यांना आपण विचारलंच नाही."

खरंच विचारलं नव्हतं. पोलिसांनी नाही, वकिलांनी नाही, आम्ही नाही. बोलता येत नाही म्हणजे म्हणणं नाही, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. नियम ज्यांनी केला, त्यांनीच तो मोडला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

घरी जाताना रस्ताभर मी भांडले. तो पुन्हा आपला उंबरा चढणार? त्या एवढंच म्हणाल्या की आईंना विचारू, चमचा वाजला तर विषय संपला. गेल्या तशा पलंगापाशी उभ्या राहिल्या आणि सांगितलं, आई, आम्हाला चादरीचं कळलं. सासूबाईंनी या वेळी तोंड भिंतीकडे केलं नाही. त्यांचे डोळे भरून आले. त्यानं येऊन तुम्हाला सांगावं असं वाटतं का, असं भिंगरींनी विचारलं. मी चमच्याकडे बघत होते. चमचा हलला नाही. सासूबाईंनी डोळे मिटले, आणि बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

तो आला त्या दिवशी सासूबाईंनी आमच्याकडून उठवून बसवून घेतलं, केस विंचरून घेतले. खुर्ची कुठे ठेवायची ते चमच्यानं दाखवलं, पायथ्याशी, खिडकीचा उजेड त्याच्या तोंडावर येईल अशी. मास्तर दाराशी, भिंगरी पलंगामागे, मी कपाटाला पाठ लावून. तो बसला आणि म्हणाला, "आजी, मी तुमच्या तोंडावर चादर टाकली. तुम्ही बघत होतात ते मला सहन झालं नाही." त्यानं मान खाली घातली. सासूबाईंनी दांडीवर चमचा आपटला. त्यानं दचकून वर पाहिलं. त्या बघत होत्या. थोड्या वेळानं मान परत खाली गेली, परत चमचा. असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी त्यानं मान वर धरली आणि त्या त्याच्याकडे पोटभर बघत राहिल्या.

मग मास्तरांनी विचारायला सुरुवात केली. याला तुरुंगात पाठवायचं का? चमचा. मग सोडून द्यायचं? चमचा, आणखी जोरात. आम्ही सगळे गोंधळलो. सासूबाईंनी वैतागून चमच्यानं खुर्ची दाखवली, मग दार, मग परत खुर्ची. भिंगरींनाच आधी उमगलं. यानं परत यायचं, इथं बसायचं? सासूबाईंनी डोळे मिटले.

न्यायाधीशांनी ते मानलं. बांगड्यांची भरपाई, वर एका अधिकाऱ्याची देखरेख, आणि दर आठवड्याला आजींसमोर बसणं, त्या पुरे म्हणेपर्यंत. मी म्हटलं, ही काय शिक्षा झाली? दोन-चारदा आला तेव्हा त्याची अवस्था पाहिली आणि वाटलं, तुरुंग सोपा होता की काय. तरी मी माझी मशीन हलवून अशा जागी आणली की सासूबाईंची खोली दिसत राहील. माझा त्याच्यावर विश्वास नाही. भिंगरी तो असेपर्यंत अंगणात येरझाऱ्या घालतात. नव्या लोकांच्या तासाला त्यांनी माफीची ती तीन वाक्यं शिकवणं बंद केलंय, पण त्याऐवजी काय शिकवायचं ते त्यांना अजून सापडलेलं नाही, म्हणून फिरणं आणखी वाढलंय.

तो हळूहळू बोलायला लागला. कुणाचं घर रंगवतोय, कुठला रंग, आईचं दुखणं. सासूबाई ऐकतात. एकदा त्यांनी चमच्यानं कपाटावरचा कोपरा दाखवला. तिथं खरंच हातभर जागा सुटलेली होती, तेव्हाची. तो हसला आणि लगेच त्याचा चेहरा उतरला. पुढच्या वेळी ब्रश घेऊन आला आणि दाराशी उभा राहून मला विचारलं, आत आणू का. मी म्हटलं, त्यांना विचार. चादर मात्र अजून कमरेच्या वर चालत नव्हती.

परवाची गोष्ट. माझी मशीन चालू होती, बाहेर वारं सुटलं होतं. आतून त्याचा आवाज आला, अगदी हलका. काकू, जरा येता का? हातातली कात्री तशीच घेऊन मी धावले.

सासूबाई झोपल्या होत्या. तोंड जरासं उघडं, चमचा हातातून सुटून उशीशी पडलेला. त्याच्यासमोर, भर दुपारी, गाढ. तो खुर्चीत ताठ बसला होता, किती वेळ तसा होता कोण जाणे. खिडकीतून गार वारं येत होतं आणि चादर पलंगाखाली घसरली होती.

"चादर पडलीय," तो कुजबुजला. "मी हात लावला नाही. तुम्ही घालाल का?"

मी कात्री कपाटावर ठेवली आणि चादर उचलली. कमरेपर्यंत ओढली, तिथे थांबले, मग आणखी थोडी वर, छातीपर्यंत. त्या जाग्या झाल्या नाहीत. भिंगरी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. तो अजून तसाच, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.